सोनेगावचा फुगा जिथे फुटतो, त्याच्याही वर

१० मे २०२४ च्या रात्री अर्धं नागपूर नेहमीप्रमाणे गच्चीवर झोपलं होतं. सकाळी उठून बघतो तर प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर लडाखमधल्या हान्लेचं लालभडक आकाश. ‘आपल्याकडे का नाही दिसलं?’ असं आमच्या एकाच ग्रुपवर तिघांनी विचारलं. ध्रुवीय प्रकाश ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात पेटतो. सौरवादळ दांडगं असलं की पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो, आणि त्या रात्री हान्लेहून त्याचा फक्त वरचा काठ क्षितिजावर दिसला. काठ लाल, कारण २०० किलोमीटरच्या वर विरळ हवेतला ऑक्सिजन लाल उजेड देतो. १०० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान तोच हिरवा. नागपूर त्या मानाने फारच दक्षिणेला. तरी ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री हा प्रकाश थेट मुंबईतून दिसल्याची नोंद आहे, तेव्हा ‘कधीच नाही’ असं म्हणायची सोय नाही.

हे १०० आणि २०० किलोमीटर मोजले कुणी? पहिलं मोजमाप जमिनीवरूनच झालं. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर यांनी १९१० च्या सुमारास दोन ठिकाणी कॅमेरे लावले, दोघांमध्ये टेलिफोन ठेवला आणि एकाच क्षणी फोटो काढले. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत प्रकाश किती सरकलेला दिसतो, त्यावरून उंची काढली. त्यांच्या आधी नॉर्वेच्याच क्रिस्तियान बर्कलँड यांनी, हा उजेड सूर्याकडून येऊन आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा असं मानून, निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटली. उंचीचा अंदाज अचूक होता. पण प्रत्यक्ष वर जाऊन बघितल्याशिवाय तो अंदाजच.

आणि वर जाणंच अवघड. आपल्या नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान केंद्रातून रोज पहाटे हायड्रोजनचा फुगा सुटतो, खाली दोरीला उपकरणांची छोटी पेटी लटकवलेली. जसजसा वर जाईल तसतसा तो फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. उलट बाजूने उपग्रह फार खाली उतरू शकत नाही; दीडशे किलोमीटरवर उरलेली हवासुद्धा त्याला लवकरच खाली खेचते. फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही, असा मधला पट्टा उरतो. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा नेमका तिथेच.

तिथे जाणारं वाहन एकच, साउंडिंग रॉकेट. ‘साउंडिंग’चा इथे आवाजाशी संबंध नाही. जहाजावरून शिशाचं वजन दोरीला बांधून पाण्याची खोली घेत, त्याला खलाशी हा शब्द वापरत. विहिरीत दोर सोडून पाणी कुठवर आहे ते बघतो तसंच, फक्त दोर वरच्या बाजूला सोडायचा. रॉकेट कक्षेत जात नाही. सरळ चढतं, काही मिनिटं मोजतं, रेडिओने आकडे खाली धाडतं आणि बहुधा समुद्रात किंवा निर्जन प्रदेशात पडतं.

सुरुवात युद्धाच्या भंगारातून झाली. जर्मनांकडून जप्त केलेली व्ही-२ रॉकेटं अमेरिकेने १९४६ पासून न्यू मेक्सिकोतून उडवली आणि स्फोटकांच्या जागी उपकरणं बसवली. मग अमेरिकेच्याच जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५२ मध्ये काटकसरीची एक शक्कल वापरली: जहाजावरून फुगा सोडायचा, त्याला छोटं रॉकेट टांगायचं आणि दाट हवा मागे पडली की वरच पेटवायचं. ‘रॉकून’ म्हणत त्याला. १९५३ मध्ये अशाच रॉकूनना ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात कुणाला अपेक्षित नसलेलं किरणोत्सर्जन सापडलं. ते कशाचं, याचा उलगडा पुढे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, १९५८ मध्ये झाला. कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून कार्ल मॅकिलवेन यांची रॉकेटं चमकत्या पडद्यात शिरली आणि उजेड मुख्यतः सुमारे ६,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा असल्याचं दिसलं. बर्कलँड बरोबर निघाले, पण अर्धेच: इलेक्ट्रॉन सूर्याकडून थेट येऊन आदळत नाहीत, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातच त्यांना वेग मिळतो.

भारताने रॉकेटतळासाठी जागा निवडली ती ध्रुवीय प्रकाशापासून सर्वांत लांबची. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या दोन चुंबकीय ध्रुवांच्या मधली रेषा, केरळच्या किनाऱ्याजवळून जातं, आणि त्याच्यावर साधारण १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक अरुंद प्रवाह वाहतो. म्हणून विक्रम साराभाईंनी केरळच्या किनाऱ्यावरचं थुंबा गाव पसंत केलं. जागेच्या शोधात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. गावातल्या चर्चची इमारत कार्यालय झाली. २१ नोव्हेंबर १९६३ ला संध्याकाळी अमेरिकेचं नायकी-अपाची रॉकेट सुटलं, फ्रान्सची सोडियम वाफेची कुपी घेऊन. वेळ मुद्दाम संध्याकाळची: खाली अंधार पडलेला, वर ऊन अजून आहे. वाफ वर नारिंगी उजळते आणि ती कशी वाकते, ताणली जाते यावरून तिथला वारा कळतो.

(सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक नेणारा जो फोटो सगळे ‘पहिलं रॉकेट’ म्हणून फॉरवर्ड करतात, तो १९६६ चा. आमच्या ग्रुपवर मी हे दोनदा लिहिलंय. उपयोग शून्य.)

चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला, जेमतेम ७५ मिलिमीटर व्यासाचं स्वदेशी रोहिणी सुटलं. रॉकेटच्या घन इंधनावर पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी थुंब्यात काम केलं.

उत्तरेत या रॉकेटांनी एकदा जगाच्या काळजाचा ठोका चुकवला. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेच्या आन्डोयाहून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी सुटलेलं चार टप्प्यांचं रॉकेट रशियन रडारला पाणबुडीवरून डागलेल्या क्षेपणास्त्रासारखं वाटलं. रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रं डागण्याचा आदेश देणारी बॅग उघडली गेली. नॉर्वेने पूर्वसूचना दिली होती. ती रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत पोचलीच नव्हती. रॉकेट ठरल्याप्रमाणे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाजवळ पडलं.

थुंबा अजून चालू आहे. १५ जानेवारी २०१० ला कंकणाकृती ग्रहणाच्या वेळी तिथून एकापाठोपाठ एक रॉकेटं सोडली. भरदुपारी ऊन कमी झालं की वरच्या हवेचं आयनीभवन (उन्हाने अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटणं) किती घटतं, विषुववृत्तावरचा तो विजेचा प्रवाह कसा बदलतो, हे शास्त्रज्ञांना बघायचं होतं. नागपुरात ग्रहण खंडग्रास होतं. त्यात किंक्रांत. आदल्या दिवशीचे पतंग विजेच्या तारांवर लटकलेले, आणि आजीने घरातल्या सगळ्या भांड्यांत तुळशीची पानं टाकून ठेवलेली.