आखातातून परतल्यावर आलेला ताप : फ्लू की मर्स?

उमरा (मक्केची यात्रा) करून किंवा आखातातील नोकरीवरून सुट्टीसाठी कोकणात परतलेल्या माणसाला ताप, खोकला आणि अंगदुखी सुरू झाली, तर तो मर्स (मुख्यतः मध्यपूर्वेत आढळणारा, उंटांकडून माणसांत येणारा कोरोना विषाणूचा श्वसनविकार) असण्यापेक्षा फ्लू असण्याचीच शक्यता कितीतरी अधिक असते. तरीही डॉक्टरांना मर्स मनात ठेवावा लागतो, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत केवळ लक्षणांवरून हे दोन आजार वेगळे ओळखता येत नाहीत. न्यूमोनिया होऊन धाप लागणे मर्समध्ये अधिक आढळते हे खरे, पण गंभीर फ्लूही त्याच वाटेने जातो.

लक्षणांपेक्षा तारखा अधिक सांगून जातात. फ्लूची लागण झाल्यापासून साधारण १ ते ४ दिवसांत ताप येतो. मर्सला मात्र २ ते १४ दिवस लागू शकतात. त्यामुळे परतल्यानंतर सातव्या दिवशी आलेला ताप फ्लूचा असेल, तर तो बहुधा इथेच लागलेला असतो. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील ६८ वर्षांचे एक गृहस्थ आखाती देशांतून ४ मे रोजी परतले, ११ मे रोजी आजारी पडले आणि मर्सचे निदान झाले २० मे रोजी. दरम्यान ते एकाहून अधिक रुग्णालयांत जाऊन आले होते. त्या साथीत १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले.

म्हणून ‘कुठे गेला होतात?’ एवढे विचारून भागत नाही. उंटांजवळ गेला होतात का, उंटिणीचे न तापवलेले दूध प्यालात का, तिथल्या रुग्णालयात कोणाला भेटायला गेला होतात का, हेही विचारावे लागते. यातला शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो, आणि मर्स माणसाकडून माणसाकडे पसरतो तो मुख्यतः रुग्णालयांतच.

दोन्हींची खात्रीची तपासणी आरटी-पीसीआर हीच असली, तरी नमुना कुठला घ्यायचा यात फरक आहे. फ्लूसाठी नाकातील किंवा घशातील स्वॅब सहसा पुरतो. मर्सचा विषाणू फुफ्फुसांत खोलवर वाढत असल्याने बेडका किंवा श्वासनलिकेतील स्राव अधिक भरवशाचा ठरतो. नुसता स्वॅब निगेटिव्ह आल्याने मर्सची शंका फिटत नाही. फ्लूच्या झटपट किटवरही, ती निगेटिव्ह असताना, फार विसंबू नये.

मर्सवर खात्रीचे औषध अद्याप नाही, त्यामुळे शंका येताच रुग्णाला मास्क देऊन वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. फ्लूवरील ओसेल्टामिवीर मात्र पहिल्या ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून गंभीर रुग्णात ते अहवालाची वाट न पाहता सुरू करतात.