संशोधकांच्या कारकिर्दीचा मागोवा

पीएच.डी. झालेले विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर काही काळ तात्पुरत्या पदावर संशोधन करणारे) पुढे कोणत्या क्षेत्रात, कोणत्या कामावर जातात याची संस्थांनी किंवा शासनाने ठेवलेली पद्धतशीर नोंद. अमेरिकेत १९५७ पासून दरवर्षी नव्या पीएच.डी.धारकांकडून प्रश्नावली भरून घेतली जाते. १९७३ पासून त्यांच्यातील निवडक लोकांच्या नोकरीची साधारण दोन-दोन वर्षांनी चौकशीही होते. तरी पोस्टडॉक निसटतातच. त्यांतले बरेच जण भारत, चीन अशा देशांतून पीएच.डी. करून आलेले, त्यामुळे या यादीत मुळातच नसतात. शिवाय विद्यापीठागणिक त्यांची पदनामे निराळी. एनआयएच या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या कार्यगटाला २०१२ च्या अहवालात जैववैद्यकीय पोस्टडॉकची संख्या ३७,००० ते ६८,००० अशी मोघम द्यावी लागली. एकूण माणसे किती हेच ठाऊक नसेल, तर त्यांतले किती टक्के प्राध्यापक झाले हा हिशेब मांडायचा कसा?

ईमेलवर विचारले तर ज्यांचे बरे चालले आहे तेच उत्साहाने उत्तर देतात, असा धोका असतो. म्हणून टोरांटो विद्यापीठाने २००० ते २०१५ या काळातील दहा हजारांहून अधिक पीएच.डी.धारकांचा शोध इंटरनेटवरील उघड माहितीतून घेतला. काम वेळखाऊ, पण कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

खरी मेख वर्गीकरणात आहे. क्षेत्र, कामाचा प्रकार आणि प्रत्यक्ष भूमिका अशा तीन पातळ्यांची पद्धत आता बरीच रूढ आहे. औषध कंपनीतला ‘सायंटिस्ट’ प्रयोगशाळेत असतो की मंजुरीची कागदपत्रे तयार करतो, हे पदनामावरून कळत नाही. पोस्टडॉकला ‘विद्यापीठातील नोकरी’त धरले की विभागाचा आकडा झकास दिसतो, ‘पुढील प्रशिक्षणा’त टाकले की एकदम उतरतो. दुसरी नोंदच अधिक प्रामाणिक. मोजणी केव्हा केली यानेही चित्र बदलते: ब्रिटनमधील पदवीधर सर्वेक्षण १५ महिन्यांनी होते, आणि जीवशास्त्रातला माणूस तेव्हा अनेकदा पहिल्याच पोस्टडॉकवर असतो.

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील नऊ विद्यापीठे व एका कर्करोग संशोधन संस्थेने आपल्या पीएच.डी.धारकांच्या व पोस्टडॉकच्या पुढील वाटचालीचे आकडे जाहीर करण्याचे मान्य केले.

भारतात उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणातून पीएच.डी.ची नोंदणी आणि उत्तीर्णांची संख्या मिळते. एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीसाठी पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या व मध्यक पगार विचारला जातो, पीएच.डी.बाबत मात्र किती जण शिकत आहेत आणि किती जणांना पदवी मिळाली, एवढ्यावर भागते. माणूस पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) लागला की हैदराबादच्या औषध कंपनीत, हे बहुतेक वेळा त्याच्या गाइडलाच माहीत असते.