भात-साखरेने नेमकं काय वाढतं: कोलेस्टेरॉल की ट्रायग्लिसराइड?

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, कोलेस्टेरॉल वाढलेलं असो की ट्रायग्लिसराइड, घरोघरी उपाय एकच: फोडणीचं तेल निम्मं, तूप बंद. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं की ट्रायग्लिसराइड जिथल्या तिथे. कारण दोन वेळचा भात, चहातली साखर आणि उपवासाची साबुदाणा खिचडी यांना कुणी हात लावलेला नसतो.

कोलेस्टेरॉल पेशींची आवरणं, पित्त आणि संप्रेरकं यांसाठी लागतं. बरंचसं शरीर स्वतःच बनवतं. ट्रायग्लिसराइड ही साठवणीची चरबी, गरज पडली की जळते. कोलेस्टेरॉल जळत नाही, मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतं.

खरा घोळ होतो तो यकृतात. भात-साखरेतल्या ग्लुकोजपासून असिटिल-कोए हा कच्चा माल तयार होतो आणि त्यातून या दोन्ही गोष्टी बनू शकतात. म्हणून ‘साखर खाल्ली की लिव्हर कोलेस्टेरॉल बनवतं’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते अर्धवट आहे. कोलेस्टेरॉलच्या वाटेवर एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम बसलेलं असतं. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी त्यालाच अडवते. इन्सुलिन या एन्झाइमला थोडी चालना देतं, हे खरं. पण पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की हे एन्झाइम नव्याने बनणं मंदावतं आणि असलेलं एन्झाइमही मोडीत निघतं. कच्चा माल कितीही येवो, उत्पादनाला आवर बसतो.

ट्रायग्लिसराइड ज्यापासून बनतं, त्या फॅटी ॲसिडच्या वाटेवर इतका कडक आवर नाही. तिथे इन्सुलिन उलट जोर लावतं. साखरेतला दुसरा घटक फ्रुक्टोज. तो तर ग्लुकोजच्या वाटेवरचं मुख्य नियंत्रणच टाळून पुढे जातो, म्हणून साखर आणि गोड पेयं जास्त नडतात. तयार झालेली चरबी व्हीएलडीएल या चरबी वाहून नेणाऱ्या कणांत भरून रक्तात सोडली जाते: ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) उतरतं, एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान आणि घट्ट होतात.

आहारातून एलडीएल वाढण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. तूप, लोणी, वनस्पती तूप, खोबरेल यांतल्या संपृक्त चरबीमुळे यकृतावरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच रेंगाळतं.

रिपोर्टवरच हिशेब करा. एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 35, ट्रायग्लिसराइड 300. ट्रायग्लिसराइडला 5 ने भागून व्हीएलडीएल 60; म्हणून एलडीएल 210 − 35 − 60 = 115. इथे आधी साखर, मैदा, भाताचं प्रमाण आणि दारू कमी करायची. दुसरा रिपोर्ट: एकूण 245, एचडीएल 50, ट्रायग्लिसराइड 120. एलडीएल 171. इथे तूप-लोणी आणि डॉक्टरांशी औषधाचं बोलणं आधी. फक्त एकूण आकडा बघून पथ्य सांगणं मला मुळीच मान्य नाही. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, एलडीएल थेट मोजून घ्यावं. 500 च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो; तिथे पथ्यावर विसंबून थांबू नये.

भात सोडून त्याजागी चमचा-चमचा तूप वाढवणाऱ्यांचं ट्रायग्लिसराइड उतरतं, पण अनेकांचं एलडीएल चढतं. भाताच्या जागी डाळी, मटकी, ओट्स घ्या. हीसुद्धा कर्बोदकंच, पण त्यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो. पित्ताम्लं कोलेस्टेरॉलपासूनच बनतात, म्हणून नवी बनवायला यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.