वजनकाट्यावरची बोलणी आली कुठून

माझी मावशी पाचोऱ्याकडची. गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेली तर डॉक्टरांनी गुडघ्याला हातही न लावता आधी काट्यावर उभं केलं आणि भरल्या ओपीडीत सुनावलं, खाणं कमी करा. "मना गुडघा दुखस, आन हाऊ वजनच काढस," एवढंच म्हणाली घरी येऊन, मग दोन वर्षं कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. मला याचा फार राग आहे म्हणून हे मागचं शोधून वाचलं.

ज्या बीएमआयवरून (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) बोलणी बसतात तो मुळात डॉक्टरने काढलेलाच नाही. बेल्जियमचा ॲडॉल्फ क्वेटेले, गणित आणि खगोलशास्त्रातला माणूस, १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता, तिथून हा उंचीच्या वर्गाचा हिशोब आला. पुढे अमेरिकेत विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते केले, कुणाचा हप्ता किती हे ठरवायला, आणि तेच दवाखान्यांच्या भिंतीवर गेले. १९७२ ला ॲन्सेल कीज या अमेरिकी संशोधकाने क्वेटेलेच्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स नाव दिलं, त्यांच्या अभ्यासात सगळे पुरुषच होते.

म्हणजे समूह मोजायचं माप एकेका माणसाला लावलं गेलं, आणि वर 'जाड म्हणजे आळशी' हा समज चिकटला. १९९४ ला लेप्टिन हार्मोन सापडलं, भूक आणि चरबी शरीरच सांभाळतं हे कळलं, तरी डॉक्टर-नर्सच्या मनातला समज गेला नाही, २००१ मध्ये पूल आणि ब्राउनेल या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले त्यात हेच दिसलं.

आपल्याकडे तर उलटाही घोळ आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबी याज्ञिकांत २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यात ९.१ (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २००४). म्हणजे काट्यावर बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त असू शकते, तरी केळीच्या बागेत राबणाऱ्या काटक माणसाची शुगर कुणी बघत नाही आणि मावशीला मात्र सगळं वजनामुळेच.

मार्च २०२० ला शंभरावर वैद्यकीय आणि संशोधन संस्थांनी वजनावरून लावला जाणारा हा कलंक थांबवू असं जाहीर म्हटलं. आमच्या खानदेशात सुरुवात साध्या गोष्टींपासून व्हावी, काटा पडद्याआड, वजन करायच्या आधी एकदा विचारणं, बिनहाताची खुर्ची, आणि बीपीचा मोठा पट्टा, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं.