आई-बापाच्या अंगावर वाढणारी पिल्लं

डिस्कस या अ‍ॅमेझॉनमधल्या चपट्या, गोल माशाची पिल्लं पोहायला लागली की अन्नाच्या शोधात टाकीभर फिरत नाहीत. ती थेट आईच्या नाहीतर बापाच्या अंगाला भिडतात आणि त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर टोचून टोचून खातात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की विणीच्या काळात या थरातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात आणि पिल्लं मोठी होत गेली की पुन्हा कमी होतात. सस्तन प्राण्यांच्या दुधाशी त्याची तुलना होते ती उगाच नाही. फरक एवढाच, की इथे बापही पाजतो.

म्हणूनच जंगली डिस्कसची वीण घ्यायची तर अंड्यांपेक्षा आई-बापांकडे लक्ष हवं. नदीतून पकडून आणलेला मासा अशक्त, बुजलेला आणि बहुधा आतड्यात परजीवी घेऊन येतो. त्याला आधी वेगळ्या टाकीत ठेवून खाता-पिता करायचं. यात काही महिने सहज जातात. इथे घाई करणाऱ्याला पुढे अंडी मिळतीलही, पिल्लं मिळतीलच असं नाही.

नर-मादी नुसत्या नजरेने ओळखणं जवळजवळ अशक्य. सहा-आठ मासे एकत्र वाढवावेत आणि जोडी त्यांची त्यांनाच जमवू द्यावी. अंडी घालायची वेळ आली की पोटाखाली बाहेर येणारी मादीची नळी जाड आणि बोथट दिसते, नराची बारीक आणि टोकदार.

पाण्याचं प्रकरण मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ नदीची पातळी वर्षाकाठी साधारण १० मीटर वर-खाली होते. पूर चढला की मासे बुडालेल्या जंगलात शिरतात आणि वीण त्याच सुमारास होते. रिओ नेग्रो या अ‍ॅमेझॉनच्या उपनदीचं पाणी चहासारख्या रंगाचं, पीएच ४ ते ५ च्या आसपास म्हणजे चांगलंच आम्लधर्मी आणि क्षार जवळजवळ नाहीतच. जाड मधल्या पट्ट्याचा हेकेल डिस्कस तिथलाच. त्याचं वर्णन १८४० साली झालं आणि टाकीत वीण द्यायला आजही तोच सगळ्यांत हट्टी. अ‍ॅमेझॉनच्याच तेफे भागातला हिरवा डिस्कस त्या मानाने ऐकतो.

टाकीतला पूर आरओच्या पाण्याने आणायचा. आधी काही आठवडे पाणी किंचित कठीण, म्हणजे थोडं जास्त क्षारांचं ठेवायचं आणि बदलही कमी करायचे. मग रोज थोडं मऊ, एखाद-दोन अंश थंड पाणी घालत क्षार उतरवायचे. पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात; ती १०० मायक्रोसीमेन्सच्या खाली आली तर उत्तम. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर अंडी नीट फळत नाहीत, पांढरी पडतात आणि बुरशी धरतात. पीएच उतरवण्यासाठी आम्ल ओतण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, तो माझ्या मते टाळावा. क्षार कमी झाले की पीएच सुकी पानं आणि पीट (दलदलीतली कुजलेली वनस्पती-माती) यांनीही खाली येतो. आम्लधर्मी पाण्यात फिल्टरमधले जिवाणू मंदावतात. तिथे साठलेला अमोनियम फारसा घातक नसतो, पण पीएच एकदम वर गेला की त्याचाच विषारी अमोनिया होतो. त्यामुळे अशा टाकीत जास्त पीएचचं पाणी एका दमात ओतू नये.

जोडी टाकीत ठेवलेला मातीचा शंकू किंवा उभा पाईप घासून साफ करते आणि त्यावर अंडी घालते. २९ अंशांना साधारण अडीच दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण तिथेच चिकटून वळवळत राहतात. अंडी घातल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी ती सुटी होतात आणि खरी कसोटी तिथे लागते. आई-बापाचं अंग या दिवसांत काळपट होतं आणि पिल्लं गडद आकाराकडे ओढली जातात. जंगली माशांची ही जमेची बाजू. पट्टे गेलेल्या फिकट पाळीव जातींची पिल्लं कधीकधी आई-बाप सोडून भलतीकडेच जातात. पण काळा हीटर, काळा स्पंज फिल्टर आणि लाकडाचा ओंडकाही गडदच! पिल्लं त्यांनाच चिकटतात आणि उपाशी मरतात. पंचाईत अशी, की बुजऱ्या जंगली माशाला आडोसा आणि मंद उजेड लागतो. यावर मार्ग म्हणजे विणीच्या टाकीत तळ आणि मागची बाजू फिकट ठेवावी, गडद वस्तू काढाव्यात किंवा झाकाव्यात आणि आडोशासाठी वर तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. रात्री एक मिणमिणता दिवा राहू द्यावा, म्हणजे आई-बापाचा पहारा चालू राहतो.

नवी जोडी पहिली अंडी खाऊन टाकते, ते फार मनावर घेऊ नये. पिल्लं अंगाला लागल्यावर चार-पाच दिवसांनी ताजी उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) द्यायला सुरुवात करावी. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आई-बाप स्वतःच पिल्लांना टाळून लांब पोहू लागतात. आर्टेमियाने पिल्लांची पोटं नारिंगी दिसत असतील, तर वेगळं करायला तीच वेळ बरी. पुढे कित्येक महिने ती मळकट तपकिरीच दिसतात. रंग नाही म्हणून जंगली जोडीच्या पिल्लांचा पाळीव जातींशी संकर करू नये. आणि कोणाला देताना आई-बाप कुठल्या नदीचे, हे लिहून सोबत द्यावं.