छातीतला पू : कधी काढायचा, कसा काढायचा

इंदूरच्या मराठी घरांत कुणाच्या ‘छातीत पाणी झालं’ की अजूनही पहिलं नाव निघतं ते मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलचं. क्षयाची शंका घेणं योग्यच. पण पाण्याची तपासणीच लांबली, तर न्यूमोनियानंतर फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्याचा पू होतो, त्यात जाळी धरते आणि काही आठवड्यांत फुप्फुसावर जाड साल चढते. मग नळीने भागत नाही.

पू काढावा हे हिपोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक आहे. रुग्णाला खांद्याला धरून हलवायचं, कोणत्या बाजूला डुचमळतं ते ऐकायचं, तिथे छेद द्यायचा. पण घाईने छाती उघडली की काय होतं, ते १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकी लष्करी छावण्यांत दिसलं. फुप्फुस अजून भिंतीला चिकटलेलं नसे. बाहेरची हवा आत शिरून ते मिटे, आणि सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. अमेरिकी सर्जन एव्हर्ट्स ग्रॅहॅम ज्या समितीत होते, तिने सुरुवातीला बंद नळी (बाहेरची हवा आत येऊ न देणारी) आणि भरपूर आहार यांवर भर दिला. मृत्यू ४ टक्क्यांच्या आसपास आले.

ती बंद नळी जर्मन डॉक्टर ब्यूलाऊ यांनी १८७५ मध्येच वापरली होती. आजही तत्त्व तेच. नळीचं टोक बाटलीत पाण्याखाली साधारण २ सेंटिमीटर, बाटली कायम छातीच्या खाली. श्वासागणिक पाणी वर-खाली व्हायचं थांबलं, तर नळी मुडपली, तुंबली किंवा फुप्फुस पूर्ण फुललं. नातेवाइकांनी बाटली उचलून कॉटवर ठेवली की तेच पाणी उलट छातीत जातं.

जाळी विरघळवण्यासाठी टीपीए (गुठळी विरघळवणारं औषध) आणि डीएनेझ (पुवातला डीएनए तोडून तो पातळ करणारं) ही जोडी २०११ च्या चाचणीत उपयोगी ठरली: शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागणारे रुग्ण १६ टक्क्यांवरून ४ वर आले. एकेकटं औषध मात्र कामाचं ठरलं नाही.

मधुमेह, दारू, किडलेले दात, पक्षाघातात श्वासनलिकेत जाणारं अन्न ही छातीत पू होण्याची नेहमीची कारणं. जीव वाचेल का, याचा अंदाज रक्तातला युरिया, वय, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), पू आहे का आणि लागण रुग्णालयात झाली का, यांना गुण देऊन बांधतात. नवल म्हणजे त्या गुणपत्रकात उघड पू असलेल्यापेक्षा पू नसलेल्या रुग्णाला धोक्याचा एक गुण जास्त मिळतो.

छातीतल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२ च्या खाली असेल तर नळी टाकतात. सिरिंजमध्ये हवा राहिली तर आकडा खोटा वाढतो, लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) मिसळलं तर खोटा उतरतो. दाट पू दिसला तर पीएच करायचाच नाही, सरळ नळी टाकायची.