कर्ज डोईजड झालंय? वकीलपत्रावर सही करण्याआधी हे वाचा

ही दोन पानं आम्ही चौकात वाटत नाही. कार्यालयात आलेल्या माणसाला बाकावर बसल्या बसल्या वाचायला देतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे फलक लावून किंवा मोबाइलवर संदेश धाडून कुणी 'कर्जमुक्तीची हमी' देत असेल, तर तिथेच पाऊल मागे घ्या.

बरेच जण आल्याआल्या म्हणतात, "साहेब, दिवाळखोरी जाहीर करून मोकळं व्हायचंय." मोबाइलवर 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता वाचलेली असते. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग सर्वसामान्य कर्जदाराला अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला स्वतः हमी देणाऱ्यांपुरताच तो 1 डिसेंबर 2019 पासून सुरू आहे. पगारदार, दुकानदार, रिक्षावाले यांच्यासाठी नादारीचे, म्हणजे दिवाळखोरीचे, जुनेच कायदे आहेत. मुंबईत 1909 चा कायदा लागतो आणि अर्ज उच्च न्यायालयात जातो. इकडे जिल्ह्यात 1920 चा, अर्ज जिल्हा न्यायालयात. अर्जासाठी किमान कर्ज किती हवं? 500 रुपये! शंभर वर्षांपूर्वीचा आकडा कुणी बदललेलाच नाही.

न्यायालयाने नादार ठरवलं की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात जाते, आणि धनको, म्हणजे तुम्ही ज्यांचं देणं लागता ते, परवानगीशिवाय तुमच्यावर स्वतंत्र दावा लावू शकत नाहीत. अटकेपासून संरक्षणही मागता येतं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी यांना हात लागत नाही. पुढे न्यायालयाने मुक्तता दिली, तर बहुतेक देणी संपतात. संपत नाहीत ती सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि बायको-मुलांची पोटगी. ज्या बँकेकडे घर तारण आहे, तिचा त्या घरावरचा हक्कही जसाच्या तसा राहतो.

आणि जामीनदार सुटत नाही. तुमच्या कर्जाला ज्या मेव्हण्याने किंवा मित्राने सही केली, त्याच्या दारात वसुलीवाले उभे राहतीलच. अर्ज करण्यापूर्वी त्याला सांगा. निदान त्याला ते आमच्या नोटिशीतून कळू नये.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आमच्याकडे यायच्या आधीच. घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलेलं असतं, किंवा बँकेला थांबवून भावाचे पैसे आधी फेडलेले असतात. असं बक्षीसपत्र केल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर ते रद्द होऊ शकतं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप दिलं असेल तर तेही. मालमत्ता मुद्दाम लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जे केलंय ते आम्हाला सांगा. वकिलापाशी सांगितलेलं बाहेर जात नाही, पण वकिलापासून लपवलेलं भर न्यायालयात बाहेर येतं.

खरं सांगायचं तर आलेल्यांपैकी अनेकांना आम्ही नादारीचा अर्ज करू नका असंच सांगतो. क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज असेल, तर बँकेशी एकरकमी तडजोड, म्हणजे ठरलेली कमी रक्कम एकदम भरून खातं मिटवणं, होऊ शकते. ती लेखी घ्या, पैसे थेट कर्जखात्यात भरा आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय विषय सोडू नका. सिबिलच्या (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहील आणि नवं कर्ज मिळायला त्रास होईल, हेही आधीच समजून घ्या. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, तिथे जबरदस्तीने सही घेता येत नाही. पण एकदा तडजोड झाली की त्यावर अपील नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गणित वेगळं. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला, की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (निर्णय पुन्हा तपासण्याचा अर्ज) करायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्यापूर्वीच, निबंधकांकडे सुनावणी चालू असताना या. सावकार विनापरवाना असेल तर तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करायची.

फोनवर "उद्या पोलीस उचलतील" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितलंय. बँकांच्या वसुली एजंटांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची नोंद ठेवा. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी असतो आणि नादारीच्या अर्जाने तो थांबत नाही.

आमच्या फीबद्दल. ती कामाच्या टप्प्यांप्रमाणे आधी ठरते आणि पावती मिळते. "जेवढं कर्ज कमी करून देऊ, त्यातले इतके टक्के" असा व्यवहार वकिलाला करता येत नाही, नियमाने मनाई आहे. असे टक्के मागणारी सेटलमेंट कंपनी म्हणजे वकील नव्हे. कोणत्याही वकिलाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, विचारायला संकोच करू नका, आमचीही विचारा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, कोरा चेक तर मुळीच नको, आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. आम्ही यात कमीपणा मानत नाही, तुम्हीही मानू नका.

पहिल्या भेटीला सगळ्या कर्जांचे खातेउतारे, आलेल्या नोटिसा पाकिटांसकट (पाकिटावरची तारीख लागते), वर्षभराची पासबुकं, पगारपत्रक, सातबारा किंवा मिळकतपत्रिका आणि सिबिलचा अहवाल आणा. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. हातउसने घेतलेले पैसेही एका कागदावर लिहून आणा, तेही कर्जच आहे.

भेट वेळ ठरवून, न्यायालय उठल्यावर. मात्र चेक न वटल्याची नोटीस आली असेल तर वेळ घेत बसू नका, तसेच या. पैसे द्यायला तुमच्या हातात 15 दिवस असतात. घराच्या जप्तीसाठी बँकेची 60 दिवसांची नोटीस आली असेल, तरी तो आकडा पाहून निवांत राहू नका, त्याच आठवड्यात या.